मत्स्यबीज केंद्राची सहल पावसाळ्यातच हवी

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांच्या सहली दिवाळीनंतर निघतात. पाऊस थांबलेला असतो, सहामाही परीक्षा आटोपलेली असते, रस्ते कोरडे असतात. किल्ला, लेणी, धरण, दूध डेअरी बघायला ही वेळ उत्तमच. पण मत्स्यबीज केंद्राच्या बाबतीत हीच सोय अंगलट येते. डिसेंबरात तिथे गेलेल्या मुलांना सिमेंटचे गोल हौद दिसतात, तेही बहुधा कोरडे. भिंतीवर माशांची चित्रं असतात, तळ्यात मोठे मासे असतात पण ते वर येत नाहीत, आणि कर्मचारी जे काही सांगतात ते ‘इथे पावसाळ्यात असं होतं’ या एकाच वाक्याच्या आधाराने. मुलं ऐकून घेतात, डबे खातात आणि परत येतात. पाहिलं काय, तर हौद. माझं म्हणणं असं आहे की मत्स्यबीज केंद्र मुलांना दाखवायचंच असेल तर ते जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात दाखवावं. आणि तिथे गेल्यावर माशांच्या जातींची नावं पाठ करून घेण्यापेक्षा एका मादीच्या अंड्यांचं पुढे काय होतं याचा हिशेब मुलांना मांडायला लावावा. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, कारण तो हिशेब मांडायची संधी वर्षातून याच दिवसांत मिळते.

पावसाळाच का, याचं उत्तर माशांच्या शरीरात आहे. आपल्याकडच्या तळ्यांत आणि धरणांत वाढवले जाणारे मुख्य मासे म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. हे तिन्ही मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. उन्हाळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होत जातात, पण ती बाहेर पडायला नदीला पूर यावा लागतो. ढगाळ हवा, थोडं उतरलेलं तापमान, जोराचा प्रवाह आणि काठ ओलांडून उथळ जमिनीवर पसरलेलं ताजं पाणी एवढं सगळं जुळून आलं की मासे अंडी सोडतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून, शेतांतून वर चढणारे मासे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. चढणीचे मासे, वलगणीचे मासे म्हणून ते ओळखले जातात. त्या जाती वेगळ्या, पण त्यांची धडपड हीच असते, आणि त्या दिवसांत घरात आलेल्या माशाच्या पोटात गाबोळी का भरलेली असते याचं कारणही हेच. समुद्रातली यांत्रिक मासेमारी राज्यात १ जून ते ३१ जुलै बंद ठेवली जाते, त्यामागे खवळलेल्या समुद्राबरोबर प्रजननाचा हंगाम हेही कारण आहे. म्हणजे मुलं शाळेच्या खिडकीतून जो पाऊस बघत असतात, त्याच पावसात नदीत, शेतात आणि समुद्रात एकाच वेळी माशांची पुढची पिढी जन्माला येत असते. तळ्यातल्या रोहूला मात्र पूर मिळत नाही. तो तिथे वाढतो, वयात येतो, मादीच्या पोटात अंडी पूर्ण भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती सोडली जात नाहीत. हंगाम टळला की तिचं शरीर ती अंडी पुन्हा शोषून घेतं.

ही अडचण किती मोठी होती हे आज चटकन लक्षात येत नाही. १९५७ पूर्वी तळ्यात सोडायला लागणारं बीज मुख्यतः नदीतूनच गोळा करावं लागे. पुराच्या दिवसांत बारीक विणीची जाळी लावून लोक पाण्याबरोबर वाहत येणारी पिल्लं धरत आणि मातीच्या हंड्यांत भरून दूरवर पाठवत. वाटेत किती मरत आणि उरलेल्यांत हव्या त्या जातीची किती निघत, याची खात्री कुणालाच नसे. कारण एवढीशी पिल्लं एकसारखीच दिसतात, आणि शिकारी माशांची पिल्लंही त्यांतच मिसळलेली असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगूल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांना अंडी सोडायला लावलं. हा दिवस आज देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मत्स्यशेतीच्या उत्पादनात भारत जगात चीनच्या खालोखाल दुसरा आहे, आणि त्या इमारतीचा पाया या प्रयोगात आहे. त्यामागचं तत्त्व सातवी-आठवीच्या मुलांना सहज कळण्यासारखं आहे. पूर आल्याची बातमी डोळे, त्वचा आणि पाण्याची चव यांतून मेंदूपर्यंत पोचते, मेंदू पीयूष ग्रंथीला इशारा देतो, ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते आणि मग अंडाशय मोकळा होतो. तळ्यात ही साखळी मेंदूपाशीच अडते. इंजेक्शन तिला मधूनच पुढे ढकलतं. पूर्वी त्यासाठी बाजारातून आणलेल्या माशांच्या डोक्यांतून ग्रंथी काढून अल्कोहोलमध्ये ठेवत. आता तयार कृत्रिम संप्रेरक मिळतं. केंद्रावरचा कर्मचारी हे दोन मिनिटांत सांगू शकतो, आणि शेजारी ती बाटली असेल तर ते पुन्हा सांगावं लागत नाही.

हंगामात केंद्रावरचं काम कसं चालतं ते क्रमाने पाहिलं की सहलीची वेळही आपोआप ठरते. दुपारनंतर तळ्यात जाळं ओढून नर-मादी निवडतात. नराचे छातीचे पर बोटाला खरखरीत लागतात, मादीचे गुळगुळीत असतात आणि तिचं पोट मऊ, फुगलेलं असतं. संध्याकाळी इंजेक्शन देऊन त्यांना गोल हौदात सोडतात. या हौदाच्या तळाशी तिरक्या तोट्या बसवलेल्या असतात, त्यांतून येणारं पाणी हौदभर गोल फिरत राहतं. बऱ्याच ठिकाणी वरून फवारेही सोडतात. प्रवाह म्हणजे नदी आणि फवारे म्हणजे पाऊस, असा तो सगळा बनाव. सहा-आठ तासांनी, म्हणजे मध्यरात्रीनंतर, मासे अंडी सोडतात आणि नर त्यांवर शुक्रद्रव सोडतो. अंडी पाण्याबरोबर वाहत शेजारच्या उबवणीच्या हौदात जातात. तिथेही पाणी सतत फिरतं, कारण ही अंडी जड असतात. पाणी थांबलं तर ती तळाशी साचतील आणि प्राणवायूअभावी मरतील. मुलांना मध्यरात्री तिथे नेण्याची काहीच गरज नाही. सकाळी नऊ-दहाला ती पोचली तर त्या हौदात आठेक तासांची अंडी फिरत असतात, आणि बघण्यासारखं सगळं त्या अंड्यातच आहे. पांढऱ्या वाटीत दहा-बारा अंडी घेऊन भिंग धरलं की भिजवलेल्या साबुदाण्याएवढा पारदर्शक मणी दिसतो. पाणी शोषून तो एवढा फुगलेला असतो. आत मधोमध स्वल्पविरामासारखा वाकलेला गर्भ असतो. थोडं थांबलं की तो झटका देतो. शेपटीकडचा भाग हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. मेलेलं अंडं शेजारीच असतं, दुधी आणि अपारदर्शक, त्यामुळे जिवंत कोणतं हे कुणाला विचारावं लागत नाही. २७ ते ३० अंश तापमानात १४ ते १८ तासांत अंडी फुटतात, म्हणजे मुलं घरी पोचेपर्यंत त्यांनी पाहिलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडलेली असतात. त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. पहिले तीन दिवस तोंडाने काही न खाता ती पोटाखालच्या पिवळ्या पिशवीतल्या अन्नावर जगतात.

आता हिशेबाकडे येतो, कारण सहलीचं खरं मोल मला इथे दिसतं. पाठ्यपुस्तकात जीवनचक्राचं चित्र असतं: अंडं, पिल्लू, लहान मासा, मोठा मासा, पुन्हा अंडं. मध्ये बाण. ते चित्र चुकीचं नाही, पण त्यातल्या बाणांवर आकडे नसतात. त्यामुळे मुलाच्या मनात असं बसतं की एका अंड्याचा एक मासा होतो. रोहूच्या मादीत एक किलो वजनामागे साधारण दोन लाख अंडी असतात. दोन किलोची मादी म्हणजे चार लाख. त्यांतली काही फळत नाहीत, काही फुटत नाहीत, आणि केंद्राच्या हातात समजा अडीच-तीन लाख जिरे येतात. ते संगोपन तळ्यात सोडल्यावर पंधरा-वीस दिवसांत इंचभर लांबीचं मत्स्यबीज तयार होतं, पण चांगली काळजी घेऊनही त्यांतले ३० ते ५० टक्केच उरतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी बोटुकली होईपर्यंत आणखी गळती होते. हे सगळं खाऊ-पिऊ घालून, शत्रू दूर ठेवून. नदीत यांतलं काहीच नसतं. आणि मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा: नदीतल्या माशांची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहायची असेल, तर एका जोडीने आयुष्यभरात घातलेल्या लाखो अंड्यांतून सरासरी किती पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला उरली पाहिजेत? उत्तर दोन आहे. ते गणिताने निघतं, पण अंड्यांनी भरलेला हौद समोर असताना निघालं तर त्याचा अर्थ लागतो. मासे एवढी अंडी का घालतात, भर हंगामात गाबोळीचा मासा धरणं नदीला महाग का पडतं, पुरात बांध आडवा आला तर काय होतं, हे सगळे प्रश्न त्या ‘दोन’ मधून मुलं स्वतः विचारू लागतात.

हा हिशेब मुलांनी हाताने करावा. तीन दिवसांचे जिरे विकायला काढताना कर्मचारी ते एकेक करून मोजत नाहीत. जाळीच्या छोट्या मापाने भरतात, एका मापात किती हे नमुन्यावरून ठरवतात आणि मापांची संख्या गुणतात. एका मिलिलिटरमध्ये साधारण ५०० जिरे बसतात. तेवढेच बाजूला घेऊन दहा मुलांच्या वाट्यांत वाटले तर प्रत्येकाला ५० मोजावे लागतील. सहा-सात मिलिमीटर लांबीचे, सतत हलणारे, जवळजवळ पारदर्शक ५० जीव मोजणं सोपं नाही. कुणाचे ४३ येतील, कुणाचे ६१. नमुना, सरासरी आणि अंदाजातली चूक हे शब्द मग फळ्यावर समजावत बसावं लागत नाही. त्यानंतर संगोपन तळ्याच्या काठाला जावं. जिरे सोडण्याआधी या तळ्यात शेण आणि चुना घालून डोळ्याला जेमतेम दिसणारे पाण्यातले सूक्ष्म प्राणी वाढवतात, कारण जिऱ्यांचं पहिलं अन्न तेच. पण त्याच पाण्यात चतुरांची पिल्लं, पाणविंचू आणि उताणे पोहणारे किडेही येतात, आणि ते जिरे खातात. त्यांतल्या बहुतेकांचा बंदोबस्त साबण आणि तेलाच्या मिश्रणाने करतात. पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर पसरला की वर येऊन हवा घेणारे किडे गुदमरतात, पाण्यातच कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या चतुरांच्या पिल्लांना मात्र त्याने फारसा फरक पडत नाही. श्वास घेण्याच्या दोन पद्धती, एकाच तळ्यात आणि एकाच उपायाने उघड झालेल्या. आधी किडे मारायचे आणि ते मेल्यावरच जिरे सोडायचे, हा क्रम का पाळायचा हे मुलांना विचारावं. बरोबर उत्तर बहुधा मागच्या रांगेतून येतं, कारण ओढ्यात खेळणाऱ्या मुलांनी हे किडे पाहिलेले असतात.

यावर काही जण म्हणतील की हिवाळ्यातही अंडी बघायला मिळतात. हे अर्धं खरं आहे. सायप्रिनस हा परदेशातून आलेला मासा साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, जानेवारी ते मार्च हाही त्याचा हंगाम असतो, आणि त्याची चिकट अंडी पाणवनस्पतींना लटकलेली छान दिसतात. एखादं केंद्र ते काम करत असेल तर जरूर बघावं. पण त्यात पाऊस, पूर, प्रवाह यांतलं काहीच नाही, आणि पाऊस वगळला तर आपल्याकडच्या माशांची गोष्ट उरत नाही. चित्रफीत दाखवली तर चालणार नाही का, असाही प्रश्न येईल. चित्रफितीत पंधरा तास पंधरा सेकंदांत संपतात आणि प्रत्येक अंडं फुटतं, कारण न फुटणाऱ्या अंड्यावर कॅमेरा थांबत नाही. जी गळती मुलांना दाखवायची, तीच त्यात गळून जाते.

पावसाळ्यात मुलांना पाण्याजवळ नेण्याची भीती मात्र खरी आहे, ती झटकून टाकू नये. घाट ओलांडून दूरच्या केंद्रावर जाण्याचा मोह टाळावा. मुंबईकरांसाठी गोरेगावला आरे इथे, पुणेकरांसाठी हडपसरला, कोल्हापूरकरांसाठी रंकाळ्याजवळ शासकीय मत्स्यबीज केंद्रं आहेत, आणि इतर जिल्ह्यांतही धरणांच्या पायथ्याशी अशी केंद्रं आढळतात. अर्ध्या दिवसाची भेट पुरते. एका वेळी वीस मुलं, सोबत दोन-तीन मोठी माणसं, पायांत घट्ट चप्पल. मोठ्या माशांच्या खोल तळ्यांकडे जाऊच नये, तिथे बघण्यासारखंही काही नसतं. याहून वजनदार आक्षेप केंद्राच्या बाजूने येतो. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, माणसं कमी, रात्रभर जागलेली, त्यात ही मुलं कुठे? म्हणून तारीख शाळेने ठरवू नये, केंद्राने ठरवावी, आणि आदल्या संध्याकाळी इंजेक्शन दिल्याचा फोन आल्यावरच दुसऱ्या दिवशीची भेट पक्की करावी. हौदात हात घालायचा नाही, कारण हाताला लागलेला साबण किंवा तेल पिल्लांना घातक ठरू शकतं. मुलांना याचं कारण सांगितलं तर ती पाळतात. एका शाळेच्या वीस मुलांनी दोन तास शांतपणे उभं राहणं केंद्राला जड जात नाही. जड जातात त्या पूर्वकल्पना न देता आलेल्या दोन बसेस.

काही पालक वेगळा मुद्दा काढतील. घरात मासे न खाणाऱ्यांना वाटेल की आपल्या मुलाला हे कशाला, आणि कुणाला माशाला सुई टोचणं क्रूर वाटेल. दोन्हींना मान द्यावा, आणि लपवाछपवी करू नये. हे मासे खाण्यासाठीच वाढवले जातात हे मुलांना स्पष्ट सांगावं. सुई लागते, माशाला ताण होतो, काळजी घेतली नाही तर तो मरतोही, हेही सांगावं. अंडं कसं वाढतं हे कळायला मासा खाण्याची गरज नसते, आणि शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते कुठून आलं हे माहीत असणं कोणत्याही घरातल्या मुलाच्या फायद्याचंच आहे. सुई टोचताना मुलांना उभं करण्याचा आग्रह मी धरणार नाही. ती सकाळी येतात, तोवर ते काम संपलेलंही असतं.

सगळ्यांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढी अंडी, एवढी पिल्लं पाहून मुलांना असं वाटू शकतं की नदीतले मासे संपले तरी हरकत नाही, हौदातून नवीन आणता येतील. हा समज घेऊन मूल परतलं तर सहल न झालेली बरी. उत्तर द्यायचं ते केंद्रावरच, वस्तू दाखवूनच द्यायला हवं. पंप, वीज, तोट्या, संप्रेरक, चुना, शेण, रात्रपाळीची माणसं हा सगळा खटाटोप नदी पुराच्या एका रात्रीत आपोआप करत होती. शिवाय केंद्रात सगळ्या जाती वाढवत नाहीत, मागणी असलेल्या मोजक्याच वाढवतात. कटला, रोहू, मृगळ हे कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातले मूळ रहिवासी नव्हेत, माणसाने आणून सोडलेले आहेत. हंगामाच्या गडबडीत एकाच हौदात दोन जाती मिसळल्या तर संकर होतो, आणि तो पुढे कुठल्या पाण्यात गेला हे शोधून काढणं कठीण. महसीरचं उदाहरण तर मुलांना सांगायलाच हवं. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या धरणांलगत गेली अनेक दशकं महसीरची पैदास होते. त्याची अंडी काही हजारांत, मोठी आणि पिवळसर, आणि ती फुटायला तीन-चार दिवस लागतात. एक दुर्मीळ होत चाललेला मासा त्या कामामुळे हजारोंनी पाण्यात परतला, ही मोठी कामगिरी आहे. पण कावेरीत बाहेरून निळ्या परांचा महसीर सोडला गेला, आणि तिथला मूळचा कुबड असलेला महसीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. त्याच्या घसरणीच्या कारणांत संशोधकांनी या बाहेरच्या महसीरचाही समावेश केला आहे. पाण्यात पिल्लू सोडणं हे नेहमीच पुण्याचं काम असतं असं नाही. याउलट रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहातले मासे कुणी धरत नाही, ते देवाचे मानले जातात, आणि तिथे महसीर कोणत्याही हौदाशिवाय टिकून आहे. केंद्र आणि कोंड या दोन्ही गोष्टी एकाच धड्यात सांगितल्या तरच तो पुरा होतो. तरीही हौदातलं दृश्य ठसठशीत असतं आणि नदीची बाजू शब्दांत सांगावी लागते, ही विषमता उरतेच. ती कमी करायला त्याच आठवड्यात गावाजवळच्या ओढ्याचा काठ दाखवणं एवढंच हाती आहे.

परतल्यावर वर्गात एक काम मात्र चालू ठेवावं. आपण मोजलेले जिरे ज्या तळ्यात गेले, तिथून तीन आठवड्यांनी किती मत्स्यबीज निघेल याचा अंदाज प्रत्येक मुलाने निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावा. मधल्या दिवसांत पाऊस किती पडला, ऊन किती पडलं याची नोंद फळ्याच्या कोपऱ्यात रोज करावी. ढगाळ दिवस लांबले की तळ्यातलं सूक्ष्म अन्न कमी पडतं आणि पहाटे पाण्यातला प्राणवायूही घटतो. तीन आठवडे झाले की केंद्राला फोन करून आकडा विचारावा. एका गुंठ्याच्या तळ्यात ३० ते ५० हजार जिरे सोडलेले असतात, त्यातून दहा हजार निघाले की पंचवीस, हे मुलांनीच विचारावं. आकडा कमी आला तर कारणही विचारावं: किडे राहिले होते, अन्न कमी पडलं, की पाऊस जोराचा येऊन तळं भरून वाहिलं आणि पिल्लं शेजारच्या ओढ्यात निघून गेली.